अग्निशामकाचें शरीर कोणाचें?

मुळशी तालुक्यांतील चांदे गांवाकडे जातांना पूर्वीं डोळ्यांपुढें भाताचीं खाचरें येत. आतां खाचरांच्या शेजारीं उंच इमारती उभ्या आहेत. कौलारू घरास आग लागली तर शेजारी घागरी घेऊन धांवत. दहाव्या मजल्यावरील आगीस ती धांव पुरत नाहीं. तेथें अंगावर जड पोशाख नि पाठीवर हवेची टाकी घेऊन जिना चढणारा अग्निशामकच हवा. त्याचें शरीर धडधाकट असावें, ही आमची अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रश्न इतकाच कीं, त्या शरीराचें आम्ही कांहीं देणें लागतों काय?

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक कामीं आले. त्यांचें स्मरण आपण दरवर्षीं करतों, तें योग्यच आहे. परंतु ज्वाळेनें येणारा मृत्यु सर्वांस दिसतो. दुसरा एक मृत्यु कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. अमेरिकेंत कर्तव्यावर असतांना मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकीं सुमारें ४५ टक्के हृदयविकारानें जातात, असें २००७ सालच्या एका शोधनिबंधांत नमूद आहे. रात्रीची मोडलेली झोप, अवेळींचें जेवण, तासन् तास बसणें आणि घंटा वाजतांच एकदम पराकाष्ठेचे श्रम. यांनीं रक्तदाब चढतो, पोटाचा घेर वाढतो, रक्तांतील साखर बिघडते. या साऱ्यास आळस म्हणणें सोपें आहे. पण त्यांतील बराच भाग त्या नोकरीचाच आहे.

कोणी म्हणेल, दरवर्षीं तपासणी करा आणि अपात्रास घरीं पाठवा. वरवर हें न्याय्य दिसतें, कारण वाटेंत कोसळणारा जवान आपल्या सोबत्यासही संकटांत घालतो. परंतु रोग उघड होतांच भाकरी जाणार असेल, तर मनुष्य रोग लपवील. आणि लपविलेला रोग नेमका जिन्यावर प्रकट होईल. तेव्हां तपासणी हवीच; पण तिच्यामागें उपचार, कामाच्या वेळेंतच व्यायामास सवड, आणि असमर्थ ठरल्यास पगार न घटतां दुसरें काम, हीं अभयवचनेंही हवींत.

शरीर ज्याचें त्याचें, हें खरें. पण जें शरीर आम्ही आमच्या लेंकरांसाठीं आगींत धाडतों, त्याच्या निगेचा खर्च हा उपकार नव्हे. तें ऋण आहे. चांदे गांवीं नव्या इमारतींत राहावयास येणाऱ्यांनीं घराची किंमत मोजतांना हें ऋणही हिशेबांत धरावें, एवढेंच आमचें म्हणणें.