बर्फावरची पिले



अंटार्क्टिकात एम्परर पेंग्विन नावाचा पक्षी राहतो. ऐन हिवाळ्यात मादी एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि अन्नासाठी समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडे आपल्या पायांवर घेतो, पोटाच्या घडीखाली झाकतो आणि सुमारे ६५ दिवस उपाशी उभा राहतो. भोवती अंधार, वादळ आणि उणे ५० अंशांपर्यंतची थंडी. सारे नर एकमेकांना बिलगतात. कडेचा आत सरकतो, आतला कडेला येतो. आम्हांला येथे संत योसेफाची आठवण होते. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही, पण बाळ त्याने सांभाळले.

हे सारे घडते ते बहुधा जमिनीवर नव्हे, तर गोठलेल्या समुद्रावर. पिलाची मऊ लव पाण्यात भिजते. पोहण्याजोगी पिसे डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतात. तोवर पायांखालचा बर्फ टिकावा लागतो. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो टिकला नाही. तेथील पाच वसाहतींपैकी चारांत बहुधा एकही पिलू वाचले नाही. बर्फावरचे विष्ठेचे तपकिरी डाग उपग्रहातून दिसतात. शास्त्रज्ञांना त्या डागांसकट बर्फच नाहीसा झालेला दिसला.

बर्फ कमीजास्त होण्यात वाऱ्यांचाही हात असतो, एका वर्षाचा सगळा दोष तापमानवाढीला देता येत नाही. पण १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींत अंटार्क्टिकाचा हिवाळी समुद्रबर्फ सर्वांत कमी भरला तो २०२३ साली. आणि पृथ्वी तापते आहे ती आपण जाळलेल्या कोळशाने नि तेलाने.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना निकटचे कारण आणि दूरचे कारण यांवर आम्ही तासन्‌तास वाद घातले. दूरचे कारण म्हटले की मन सुटकेचा श्वास सोडते, हे तेव्हा कळले नव्हते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात ती सुटका आपल्याला दिली नाही. आपल्यामुळे नष्ट झालेले जीव देवाचा गौरव करायचे थांबतात, हे त्यांनी स्पष्ट बजावले. मिस्साच्या आरंभी छातीवर हात मारून आपण जे करायचे राहून गेले त्याचीही कबुली देतो.

आमचीच गोष्ट सांगतो. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. गेल्या आठवड्यात भर दुपारी आम्ही देवळात डोकावलो, तर रिकाम्या बाकांवर सगळे पंखे गरगरत होते. सकाळच्या मिस्सानंतर दार लोटून घेणारे आम्हीच होतो.