वाऱ्याचा दोष

बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याने सोर नगराबद्दल जे भाकीत केले, ते मालवणच्या माणसाने एकदा तरी वाचावे. सोर म्हणजे आजच्या लेबनॉनमधले सूर. किनाऱ्यापासून जरा दूर, बेटावर वसलेले, तटबंदीचे, दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे शहर. भर समुद्रात बसलेला मी देवच आहे, असे तिथल्या राजाला वाटू लागले. संदेष्टा म्हणतो, हे सारे कोसळेल, उघडा खडक उरेल आणि त्यावर कोळी जाळी वाळत घालतील. (आमच्या किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी म्हणजे घर चालू असल्याची खूण. बाबेलात हद्दपारी भोगणाऱ्या त्या याजकाला तीत ओसाडी दिसली.)

पुढे तो सोरची कल्पना एका गलबताच्या रूपात करतो, आणि इथे त्याचा हात फारच प्रेमाने फिरतो. डोलकाठी लबानोनच्या गंधसरूची, वल्ही बाशानाच्या ओकाची, शीड मिसरच्या तलम कापडाचे. ज्याचा नाश सांगायचा त्याची कारागिरी तो एवढ्या बारकाईने न्याहाळतो. मग पूर्वेचा वारा सुटतो आणि गलबत भर समुद्रात फुटते. वारा त्या कहाणीत आहे, पण दोष वाऱ्याचा होता असे अडीच हजार वर्षांत कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा कोसळला, तेव्हा मात्र वाऱ्याचे नाव लगेच पुढे आले. ताशी ४५ किलोमीटरचा वारा, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पावसाळ्यात असा वारा या किनाऱ्याला नवा नाही. पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते झाले होते. म्हणजे पुतळ्याने पहिलाही पावसाळा पुरा पाहिला नाही. नंतर चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी कारणे दिली. पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत माफी मागितली.

अशा वेळी आपल्या तोंडी ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण हटकून येते. मला ती फसवी वाटते. म्हण असे सुचवते की गर्वाचे घर आपोआप पडते, आपण फक्त वाट पाहायची. शिवाय उंची म्हणजेच गर्व, असाही एक समज तिच्यात दडलेला आहे. राजकोटवरून समोर पाहिले की हा समज टिकत नाही. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांच्या नजरेसमोर समुद्रात राजधानीच्या तोडीचा जलदुर्ग उभा करायचा, ही काही नम्र माणसाची कल्पना नव्हे. पण त्या बांधकामाला सुमारे तीन वर्षे दिली गेली. पायात शिसे ओतले, जागा निवडताना इथल्या कोळ्यांना विचारले, असे आजही सांगितले जाते. दर्याची खबर ज्याला होती त्याचे ऐकले गेले, एवढे तरी या आठवणीतून मालवणला सांगायचे आहे. पुतळ्याच्या बाबतीत समारंभाचा दिवस ठरलेला होता, आणि नौदल दिन कोणासाठी पुढे सरकत नाही.

पुतळा पडण्याआधी भाकीत करणारा कोणी नव्हता, असेही नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मालवणमधल्या कार्यालयाने २० ऑगस्टला नौदलाच्या अधिकाऱ्याला पत्र पाठवले होते. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने पुतळ्याचे नटबोल्ट गंजताहेत, कायमचा उपाय करा, असा त्याचा आशय होता. आदल्याच दिवशी नारळी पौर्णिमा होती, मालवणने समुद्राला नारळ दिला होता. सहा दिवसांनी पुतळा खाली आला. पत्र उशिरा गेले, हे खरे. पण आमच्या काळात संदेष्ट्याची वाणी उतरलीच तर ती जावक क्रमांक घालून, सरकारी मराठीत उतरणार, आणि ती ऐकण्याची सवय आपल्याकडच्या कोणत्याच सत्तेला नाही. गर्व शोधायचाच तर मी तो पुतळ्याच्या उंचीत शोधणार नाही. कनिष्ठाने लिहिलेला कागद वरिष्ठाच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, तिथे शोधीन.

पडल्यावर मात्र सगळेच संदेष्टे झाले. २८ ऑगस्टला राजकोटवर दोन राजकीय गटांचे समर्थक एकमेकांना भिडले. यहेज्केलने सोरवर रचलेले गीत हे विलापगीत आहे, त्यात विजयाची आरोळी नाही. पडलेल्यासाठी रडता येणे ही संदेष्ट्याची पात्रता असेल, तर त्या दिवशी राजकोटवर तिचा दुष्काळच होता.

म्हणीवर माझा आणखी एक राग आहे. घर पडते तेव्हा ते गर्विष्ठाच्याच डोक्यावर पडते, असे नाही. विजयदुर्गाचा आरमारी सरदार तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. त्याचा माज उतरवायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी कैदेत गेला, म्हण खरी ठरली. पण दोघांपैकी मोठा गर्व कोणाचा? नऊच वर्षांनी, १७६५ मध्ये, इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. तेव्हा तो कोल्हापूरकरांकडे होता. १७५६च्या हिशेबाची किंमत त्यांनी आणि या किनाऱ्याने मोजली.

सोरचेही गणित सरळ सुटले नाही. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ते उद्ध्वस्त करील, असे यहेज्केलने सांगितले होते. सुमारे तेरा वर्षे वेढा पडला, आणि बेट त्या भाकिताप्रमाणे धुळीला मिळाले नाही. ते पडले इ.स.पू. ३३२ मध्ये, अलेक्झांडरने समुद्रात भराव घालून वाट केली तेव्हा, आणि त्यानंतर पुन्हा वसलेही. आज तिथे मासेमारीचे बंदर आहे. मला या सगळ्यात मोलाचे वाटते ते त्याच ग्रंथातले पुढचे एक प्रकरण. तिथे सरळ नोंद आहे की सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, तरी सोरकडून राजाला मेहनताना काही मिळाला नाही. भाकीत चुकल्याची ही कबुली त्याच पुस्तकात, त्याच संदेष्ट्याच्या नावावर जपून ठेवली गेली. आपल्या किती चौकशी अहवालांत असे एखादे पान सापडेल?