न बोललेलं खोटं

खोटं बोलणं आणि खरं न बोलणं, यांत फरक किती? हा प्रश्न मला गीतेने नव्हे, पिकअपच्या सेंटर बेअरिंगने घातला.

लांब गाडीचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. मधे हे बेअरिंग रबरात बसून त्याला सांभाळतं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या वहिनीसारखं. धड आहे तोवर कुणी नाव घेत नाही. रबर फाटलं की गाडी उचलताना खालून धडधड आणि वेग घेतला की घुंघुं.

नेमकी गाडी विकायला काढली आणि घुंघुं सुरू! मिस्त्री म्हणाला, "साहेब, ट्यूबचा तुकडा कोंबतो. चार दिवस चूं करणार नाही. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

मनात म्हटलं, त्याने विचारलंच नाही तर मी खोटं कुठे बोललो? पण उद्या घाटात शाफ्ट सुटला, तर तो काय कुणाला विचारून सुटणार होता?

"नवंच टाका," मी म्हणालो.

शाफ्ट सोडण्याआधी मिस्त्रीने दोन्ही तुकड्यांवर खुणा केल्या. जोड फिरून बसला तर नवं बेअरिंगही थरथरतं. माणसाचंही तसंच, खूण आधीच करून ठेवावी लागते.

गिऱ्हाइकाला न विचारता सगळं सांगितलं, पावतीही दाखवली. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"काका, इतकं खरं सांगताय, म्हणजे आणखी मोठं काहीतरी लपवताय ना?"

हजार रुपये कमी करूनच त्याने गाडी नेली. ते हजार मी झोपेच्या खात्यावर मांडले.