नऊ वाजताची वाटी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. गेली तीन वर्षं अक्का रोज रात्री नऊ वाजता वाटीभर नाचणीची खीर खातात. एवढं वाचून आपल्यातल्या काही जणी इथेच थांबतील, हे मला ठाऊक आहे. दहाव्या वर्षी मुनिमहाराजांपुढे रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतलेली बाई. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतला नाही म्हणून चिकोडीकडच्या आमच्या गावात अजून जिचं नाव काढतात ती बाई. आणि ती रात्री नऊला खीर खाते? होय, खाते. ती वाटी कशी सुरू झाली आणि त्याआधी माझं काय चुकलं, ते आज लिहायला बसले आहे.

अक्कांना लिव्हर सिरॉसिस आहे. यकृत निबर झालंय. हे नाव ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा दारू येते. औषधातलं मधाचं बोटही न चाटलेल्या बाईला हे सोसावं लागतं. नात्यातल्या एकीने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "भावजी घेत होते काय गं?" जणू नवरा प्याला की बायकोचं यकृत सुकतं! खरी गोष्ट अशी, की 1986 साली दुसऱ्या बाळंतपणात अक्कांना रक्त चढवलं होतं. हेपटायटिस सी हा विषाणू ओळखला गेला 1989 साली. त्याआधीच्या बाटलीत तो आहे की नाही, हे तपासणार तरी कोण आणि कसं? पुढे तीस वर्षं तो गुपचूप काम करत राहिला. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी विषाणू गेला, पण यकृतावरचे व्रण राहिले ते राहिलेच.

त्यातून जे होतं ते मला डॉक्टरांपेक्षा आमच्या उसाच्या पाटाने जास्त समजावलं. पाटाचं तोंड गाळाने बुजलं की मागचं पाणी तुंबतं, आणि जिथे बांध कच्चा तिथे फुटतं. आतड्यांकडचं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात येतं. यकृत कडक झालं की ते आत शिरत नाही, शिरेतला दाब वाढतो. हे पोर्टल हायपरटेन्शन. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते ब्लडप्रेशर वेगळं, अक्कांचं ते 110 च्या पुढे जात नाही. तुंबलेलं रक्त मग आडवाटा काढतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या बारीक शिरा फुगतात, त्यांना व्हेरिसेस म्हणतात. त्या दुखत नाहीत, खुपत नाहीत. माणूस हसतं, बोलतं, पूजा करतं, लग्नाच्या पंगतीत वाढतं, आणि आत बांध पातळ होत असतो.

दाब कमी राहावा म्हणून अक्कांना प्रोप्रानोलॉलच्या गोळ्या होत्या, रोज दोन वेळा. बस्तीत कुणाला आजाराचा पत्ता नव्हता. लोक दारूचं बोलतील म्हणून त्यांनीच लपवलं होतं. गोळ्यांचा डबा मी भरत असे.

त्या वर्षी दशलक्षणात अक्कांनी शेवटचे तीन दिवस निर्जळ उपवास धरले. निर्जळ म्हणजे गोळीही नाही. तीन दिवस डबा भरलेलाच राहिला. मी तो पाहिला आणि बोलले नाही. का बोलले नाही, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. पारण्याला माझ्या माहेरची माणसं येणार होती. बस्तीपासून घरापर्यंत वाजतगाजत आणायचं ठरलं होतं. धर्मात आड येऊ नये, असं मी मनाला सांगितलं. पण धर्माचं नुसतं निमित्त होतं. आमच्या अक्का म्हणून मला मिरवायचं होतं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री मोरीत अक्कांना रक्ताची उलटी झाली. किती, ते लिहीत नाही. मी आजही त्या मोरीत दिवा लावल्याशिवाय जात नाही. बेळगावला नेलं, चार बाटल्या रक्त चढलं (पुन्हा रक्तच!), दुर्बीण घालून फुगलेल्या शिरांना रबरी कड्या बसवल्या. शीर कशाने फुटली हे एकाच गोष्टीवर ढकलता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं, हेही म्हणाले. मी काही बोलले नाही.

नऊ वाजताची वाटी तिथून आली. मीठ बेताचं, म्हणजे दिवसाला सगळं मिळून लहान चमचाभर, लोणचं-पापड बंद, हे ऐकून अक्कांना आनंदच झाला. "हे रसत्यागातलंच की," म्हणाल्या. पण आहार सांगणाऱ्या बाईंनी झोपण्यापूर्वी काहीतरी खायलाच हवं म्हटल्यावर अक्कांनी तोंड फिरवलं. त्या बाई शांतपणे हिशेब मांडत गेल्या. धडधाकट यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं, हे यकृत ठेवू शकत नाही. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. आपल्या-तुमच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणाने जे होतं, ते यांना एका रात्रीत होतं. घरी येऊन मी घड्याळ घेऊन बसले. सूर्यास्ताआधी दोन घटका आणि सूर्योदयानंतर दोन घटका धरल्या, तर थंडीत आमच्याकडे चौदा-साडेचौदा तास होतात. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपलेली बाई रोज रात्री तीन उपवास करत होती आणि मी एकही करत नव्हते. नियम दोघींचा एकच होता.

ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. आपण तप मोजतो ते दिवसांनी. कुणाचे आठ, कुणाचे दहा, कुणाचा महिना. पत्रिकेत आकडा छापतो. पण षोडशकारण भावनांत शब्द आहे 'शक्तितस्तप', आणि त्याचा अर्थ सांगताना पूज्यपादाचार्य सर्वार्थसिद्धीत शक्ती न लपवता तप करावं असं म्हणतात. आपण हे ऐकवतो ते आळशांना. मला आता त्याची दुसरी बाजू दिसते. नसलेली शक्ती आहे असं दाखवणं, हेही लपवणंच नाही का? अक्कांनी आजार लपवला आणि मी डबा. तीन दिवस घरात तप चाललं होतं खरं, पण सत्यधर्माचा दिवस त्याच दशलक्षणात असतो.

पण एक शंका मला सोडत नाही. नियम हा अडचणीच्या वेळीच नियम असतो. आज सिरॉसिस, उद्या ॲसिडिटी, परवा पाहुणे. देहाने मागितलं की द्यायचंच असेल तर नियम घ्यावा तरी कशाला? माझ्या सासूबाई असत्या तर हेच म्हणाल्या असत्या, आणि त्यांना सोपं उत्तर देता आलं नसतं. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात रात्री खाण्यात आसक्ती अधिक असते असं म्हटलं आहे. तो मुद्दा मी खाली पडू देणार नाही. मात्र अक्कांना नाचणी मुळीच आवडत नाही, नाक दाबून गिळतात. आसक्ती शोधायचीच तर मी भर दुपारी खाल्लेल्या कुंद्यात ती जास्त सापडेल.

शेवटी वाट दाखवली ती समंतभद्राचार्यांच्या कथेने. आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. त्यांना भस्मक व्याधी झाली, कितीही खाल्लं तरी भस्म. त्यांनी गुरूंकडे सल्लेखना मागितली आणि गुरूंनी नाही म्हटलं. आधी दीक्षा उतरव, अन्नाने रोग बरा कर, मग परत ये, अशी आज्ञा केली. लहानपणी मला त्यातला चमत्कार आवडायचा, पिंडीतून चंद्रप्रभ प्रकटतात तो. आता वाटतं, कथेचा गाभा त्या नकारात आहे. आणि पुढे याच आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखना कधी घ्यावी हे सांगताना रोगाला 'निष्प्रतीकार' अशी अट घातली, ज्यावर उपाय नाही असा रोग. अक्कांच्या आजारावर उपाय आहे, तो वाटीत आहे. आणखी एक. समंतभद्रांनी मुनिवेष ठेवून चोरून खाल्लं नाही, वेष उतरवला.

हे मी अक्कांना सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मधल्या काळात एकदा सामायिकात णमोकार मंत्र म्हणताना अडल्या, पुढचं पद आठवेना, पुन्हापुन्हा मागे येत राहिल्या. यकृत थकलं की रक्तातली घाण मेंदूवर चढते, त्यासाठी लॅक्टुलोजचं पातळ औषध असतं, ते वाढवलं आणि दोन दिवसांत डोकं साफ झालं. पण अक्का घाबरल्या होत्या. रक्ताच्या उलटीला घाबरल्या नव्हत्या एवढ्या. "मंत्रच विसरले तर नियम कुणाचा गं?" म्हणाल्या.

चातुर्मासाला आलेल्या माताजींकडे आम्ही दोघी गेलो. माताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लपवून खाणार की सांगून?" अक्का म्हणाल्या, "सांगून." मग बस्तीत, बायकांच्या सभेत, अक्का उभ्या राहिल्या. आजाराचं नाव सांगितलं, कुठून आला ते सांगितलं, आणि आजार असेतोवर रात्री एक वाटी आणि औषध एवढीच मोकळीक घेते असं म्हणून हात जोडले. नऊची ती वाटी सोडून रात्री त्या आजही काही घेत नाहीत. खीर दिवसाउजेडी शिजते, रात्री चूल पेटत नाही. त्या सभेत मीही उठून डब्याचं सांगायला हवं होतं. उठले नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

कुजबुज झाली, होणारच. पारण्याच्या वेळी ज्या पाया पडल्या होत्या त्यांतल्या दोघी अजून आमच्याकडे जेवत नाहीत. दर काही महिन्यांनी दुर्बीण तपासणी असते. त्याच्या आदल्या रात्री अक्का झोपत नाहीत. शौच काळं झालं की लगेच निघायचं, म्हणून दाराशी पिशवी भरलेली असते. डोकं दुखलं तरी दुकानातली वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. असं चाललं आहे.

परवा बस्तीतून परतताना एक बाई मागून आल्या. वीस वर्षांचा डायबेटिस आहे, इन्शुलिन घेतात, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "अक्का उभ्या राहिल्या त्या दिवशी मी नव्हते. नेमके शब्द काय होते हो त्यांचे?"