पांढरं पीस

ऑगस्ट १९१४. महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. इंग्लंडमधल्या फोकस्टन गावात एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने काही बायकांना हाताशी धरून, साध्या कपड्यांत दिसणाऱ्या तरुणांच्या हाती पांढरं पीस ठेवायला सुरुवात केली. पीस म्हणजे भेकडपणाची खूण. भर रस्त्यात, चारचौघांत! पुढे रजेवर आलेल्या सैनिकांनाही ती पिसं मिळाली.

असं का वागले असतील लोक? मला वाटतं, भीती त्यांच्याही पोटात होती. दुसऱ्याला भित्रा म्हटलं की आपली भीती घटकाभर झाकली जाते.

जेसी पोप नावाची कवयित्री तेव्हा वर्तमानपत्रांत घरी राहणाऱ्यांना हिणवणाऱ्या कविता लिहायची. आघाडीवर मनाने खचलेला सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन १९१७ मध्ये एडिंबरोच्या रुग्णालयात उपचार घेत होता. विषारी वायूत गुदमरून मरणाऱ्या सोबत्यावर त्याने कविता लिहिली, आणि कच्च्या खर्ड्यावर ती जेसी पोपला अर्पण केली. पुढे तिचं नाव त्याने काढून टाकलं. का, ते ठाऊक नाही. पण नाव गेल्यावर ती कविता एका बाईला दिलेलं उत्तर उरली नाही. ती आपल्या सगळ्यांना जाब विचारू लागली. त्या खोडलेल्या नावापाशी मी पुन्हापुन्हा थांबतो.

ओवेन आघाडीवर परतला. ४ नोव्हेंबर १९१८ ला, पंचविसाव्या वर्षी, मारला गेला. आठवड्याने युद्ध थांबलं. श्रूजबरी गावात विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईच्या हाती तार पडली.