शेळी बाहेर काढल्यावर

भाचीच्या शाळेतून वाचायला चित्रांचं एक पुस्तक आलं. इंग्रजी. ज्युलिया डोनाल्डसनचं, १९९३ सालचं. पाळीवरून ताडीवाला रोडच्या खोलीवर आलो, तर पोरगी उंबऱ्यात वाट बघत बसलेली. "मामा, वाचून सांग."

गोष्ट साधी. म्हातारीला तिचं घर लहान वाटतं. शहाणा म्हातारा सांगतो, कोंबडी आत घे. मग शेळी घे, डुक्कर घे, गाय घे. म्हातारी घुसमटते. मग तो म्हणतो, आता सगळी बाहेर काढ. काढल्यावर तेच घर तिला ऐसपैस वाटतं. मूळ गोष्ट पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची. त्यांच्यात शहाण्याच्या जागी रब्बी, म्हंजे त्यांचा धर्मगुरू असतो.

पोरगी खदखदून हसली. मग खोलीभर नजर फिरवली. दहा बाय बारा, माणसं सहा. म्हणाली, "मामा, मग आपण कोणाला बाहेर काढायचं?"

कॉटवरून आई म्हणाली, "मला काढ की गं."

सगळे हसलो. पण रात्रभर यंत्रापुढं तोच प्रश्न डोक्यात. घरावर माया करणं आणि आहे त्यात गप बसणं, हे एकच का?

ज्यूंनी ही गोष्ट स्वतःला सांगितली. झारच्या रशियात त्यांना आखून दिलेल्या हद्दीबाहेर राहायची मनाई होती. ते आपल्याच कोंडीवर हसत होते. ते हसू त्यांच्या हक्काचं. पण तीच गोष्ट बंगल्यातला माणूस वस्तीतल्या माणसाला सांगायला लागला, की तिचा उपदेश होतो.

दोस्तहो, आपल्याकडं ही गोष्ट रोज घडते. वस्तीत पाडापाडीची नोटीस लागते. आठ दिवस घास गोड लागत नाही. मग कोणी पुढारी येतो, "थांबवली" म्हणतो. आपण हार घालतो, पेढे वाटतो. ती नोटीस म्हंजे शेळी. आत कोणी घातली हे विचारत नाही, बाहेर काढणाऱ्याचे पाय धरतो. संडासाची रांग तेवढीच राहते. खोली एक इंच वाढत नाही.

कोणी म्हणेल, बुद्धानंही संतोष सांगितला, तृष्णा सोडा म्हणाला. खरं आहे. पण बाबासाहेबांचा धम्मग्रंथ उघडा, त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आलेला. तृष्णात्यागाच्या प्रकरणात ते बजावतात, की हा संतोष म्हणजे दीनपणा नव्हे, परिस्थितीला शरण जाणं नव्हे. माझ्या भाषेत सांगायचं तर हाव सोडायची, हक्क सोडायचा नाही.

बाबासाहेबांच्या घरात तर खरीच शेळी होती. परळच्या डबक चाळीत एकच खोली. वडील पोराला रात्री दोनला उठवायचे. उशाशी जातं, पायाशी शेळी, समोर मिणमिणता दिवा, आणि भीमराव अभ्यासाला बसलेले. ह्या माणसानं पुढं १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं केलं, पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. शेळी नसली की झालं, असं त्यांनी मानलं नाही.

मला माझी खोली प्यारी आहे. रात्रपाळी करून आलो की आईनं झाकून ठेवलेली भाकरी असते, भिंतीवर बाबासाहेब असतात. तिच्यावर कोणी हात टाकला तर मी आडवा पडेन. आणि प्यारी आहे म्हणूनच तिला खिडकी पाहिजे, नळ पाहिजे, तिच्या कागदावर आमचं नाव पाहिजे. आहे त्यात गप बसणाऱ्याची घरावर माया नसते, त्याला फक्त सवय झालेली असते.

म्हणून पुस्तक पोरांना जरूर वाचून दाखवा. पोटभर हसू द्या. शेवटचं पान मिटताना मात्र एवढंच विचारा: शेळी गेली, पण घर किती वाढलं?