उदबत्तीचा धूर

डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव नियमांचे फार काटेकोर होते. जिन्यात थुंकू नये, गच्चीचं दार उघडं टाकू नये, रात्री दहानंतर टीव्हीचा आवाज लहान ठेवावा, अशा सूचना त्यांच्या सुवाच्य अक्षरात फलकावर कायम लागलेल्या असत. जिन्यात कुणी सिगारेट ओढताना सापडला तर त्याची गय नसे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८पासून देशभर बंदी आहे, हे ते तारखेसह सुनावत.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मुलीने आईवडिलांना मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढून दिली. समुद्राकडे उघडणारी बाल्कनी असलेली केबिन होती. सुधाताईंनी आठवडाभर आधी बॅगा भरल्या. वसंतरावांनी त्यात स्वतःच्या हाताने दोन वस्तू घातल्या. पहाटेच्या चहासाठी इलेक्ट्रिक किटली मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत. आणि हातातल्या पिशवीत देवांचा छोटा डबा, त्यात उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी. बरोबर काय आणू नये याची यादी तिकिटासोबत आली होती. सुधाताईंनी ती वाचून दाखवली, तेव्हा वसंतराव म्हणाले, "अगं, हे सगळं बेजबाबदार लोकांसाठी असतं. आपण काय जहाज पेटवायला निघालोय?"

बॅलार्ड पिअरला पोचल्यावर त्यांची चिडचिड सुरू झाली. मोठ्या बॅगांना केबिनच्या नंबरची पट्टी लावून त्या खालीच काढून घेतल्या. मग ओळखपत्राची तपासणी, कॅमेऱ्यासमोर उभं राहून फोटो, हातातल्या पिशव्या स्कॅनरमधून, पुन्हा रांग. घरी बसून चेक-इन केलं, बोर्डिंग पासही काढला, तरी इथे पुन्हा सगळं कशाला, असं त्यांनी टेबलावरच्या मुलीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमचा फोटो तुमच्या कार्डाला जोडला जातो. तुम्ही गोव्यात उतरलात आणि परत चढला नाहीत, तर आम्हाला लगेच समजतं. जहाजावर नेमकी किती माणसं आहेत हे प्रत्येक क्षणी माहीत असावं लागतं." वसंतरावांना ते पटलं, पण रांग काही आवडली नाही.

तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. एका टेबलावर त्यांची बॅग उघडून ठेवलेली होती आणि शेजारी किटली. सुरक्षा विभागातला एक तरुण हसून म्हणाला, "काका, ही आमच्याकडे राहील. पावती देतो. उतरताना परत मिळेल." तो मालवणकडचा होता. वसंतरावांनी किटली नवीन आहे, नामांकित कंपनीची आहे, आपण नीट वापरतो, असं बरंच सांगून पाहिलं. तरुणाने सगळं ऐकून घेतलं आणि पावती पुढे केली. देवांचा डबा मात्र हातातल्या पिशवीतून कुणाच्या लक्षात न येता वर गेला.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना नेमून दिलेल्या जागी जमवलं गेलं. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की सगळं सोडून इथे यायचं, लाईफ जॅकेट असं बांधायचं, लिफ्ट वापरायची नाही, हे क्रूने करून दाखवलं. "सुट्टीवर आलोय की कवायतीला?" वसंतराव पुटपुटले. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गोवेकर खलाशाने ते ऐकलं. तो आता निवृत्त होऊन प्रवासी म्हणून निघाला होता. तो म्हणाला, "जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आपटून कलंडली. बत्तीस माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. तेव्हापासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते." सुधाताईंनी जॅकेटचा पट्टा सोडून पुन्हा एकदा नीट बांधून पाहिला.

संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे पडले. दोघं बाल्कनीत बसले आणि वाऱ्याबरोबर सिगारेटचा उग्र वास आला. पुढच्या केबिनमधला एक तरुण कठड्याला रेलून ओढत होता. जहाज पुढे जात होतं, त्यामुळे सगळा धूर मागे, थेट यांच्याकडे येत होता. सुधाताईंना खोकल्याची उबळ आली. वसंतरावांनी आवाज दिला तेव्हा तो तरुण म्हणाला, "काका, वर ओढायला जागा आहे, पण तिथे चार जिने चढून कोण जाणार? आणि ही बाल्कनी मी पैसे भरून घेतलीय. मी माझ्या जागेत उभा आहे." एवढं बोलून त्याने थोटूक समुद्रात भिरकावलं. वाऱ्याने ते समुद्रात पडूच दिलं नाही. ते मागे वळून सुधाताईंच्या खुर्चीवर वाळत घातलेल्या टॉवेलवर येऊन पडलं. वसंतरावांनी टॉवेल झटकला. थोटूक खाली पडलं, पण टॉवेलला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. कडा काळ्या झाल्या होत्या आणि त्या कडेवर एक लाल ठिणगी हळूहळू पुढे सरकत होती. सुधाताईंनी तांब्यातलं पाणी ओतलं तेव्हा ती विझली.

वसंतराव टॉवेल घेऊन रिसेप्शनला गेले आणि कागद मागून तक्रार लिहिली. "बाल्कनीत धूम्रपानास बंदी असूनही शेजारील प्रवाशाने ती मोडली. एका माणसाने स्वतःला नियमातून वगळले की सगळ्या जहाजाचा जीव धोक्यात येतो. कठोर कारवाई व्हावी." वाचून दाखवताना त्यांना स्वतःलाच ते वाक्य फार आवडलं. सकाळी त्या तरुणाला बोलावून दंड करू, असं आश्वासन मिळालं.

सकाळी आंघोळ आटोपून वसंतरावांनी केबिनमधल्या टेबलावर देव मांडले. काडी ओढली, दोन उदबत्त्या लावल्या आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणू लागले. बंद केबिनमध्ये धुराची रेघ सरळ वर गेली आणि छतावरच्या गोल डबीपाशी पसरली. काही मिनिटांत दारावर जोरात थाप पडली. दारात तोच मालवणी तरुण होता, मागे आग विझवायचं सिलिंडर घेतलेले दोघं. वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, यांच्या केबिनचा नंबर उमटला होता.

"अहो, ही उदबत्ती आहे," वसंतराव कळवळून म्हणाले. "देवापुढे लावलीय. सिगारेट नव्हे!"

तरुणाने आधी उदबत्त्या पाण्यात विझवल्या. मग म्हणाला, "काका, घरी माझी आईपण रोज लावते. पण छतावरच्या यंत्राला देव कळत नाही, धूर कळतो. आणि उदबत्तीचा निखारा गादीवर पडला, तर गादीही विचारत नाही कोणी पाडला ते. गावात आग लागली तर बंब येतो, माणसं रस्त्यावर पळतात. इथे बंब म्हणजे आम्हीच, आणि पळायला समुद्र." मग त्याने त्यांना एका जहाजाची हकीकत सांगितली, ती त्याला प्रशिक्षणात शिकवली होती. २३ मार्च २००६च्या पहाटे कॅरिबियन समुद्रात जमैकाकडे निघालेल्या स्टार प्रिन्सेस जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली. न विझलेली सिगारेट हेच तिचं सर्वांत संभाव्य कारण, असं चौकशीत निघालं. बाल्कन्यांमधले आडोसे आणि खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या, वर सुटलेला वारा. बघता बघता आग एका डेकवरून दुसऱ्यावर चढत गेली. एक प्रवासी दगावला, कितीतरी केबिन जळून गेल्या. त्यानंतर नियम आला की बाल्कनीतलं सामान सहज पेट न घेणारं असावं, नाहीतर तिथे आगीची सूचना देणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा बसवावी.

"तुमची किटली पण म्हणूनच ठेवून घेतली," तो म्हणाला. "तुम्ही सांभाळून वापराल, यात शंका नाही. पण प्रत्येक केबिनमध्ये एक-एक आणली, तर त्यातली एक कोणीतरी चालू ठेवून जेवायला जाणारच."

तो गेल्यावर वसंतराव पलंगाच्या कडेवर बसून राहिले. सुधाताई हळूच म्हणाल्या, "अहो, काल तुम्ही तक्रारीत एक वाक्य लिहिलंत. ते आपल्यालाही लागू आहे का हो?"

वसंतराव काही बोलले नाहीत. उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी घेऊन ते रिसेप्शनला गेले. तिथे तो शेजारचा तरुण दंडावरून हुज्जत घालत होता. वसंतरावांनी आपली कालची तक्रार परत मागितली. तरुणाला वाटलं, म्हातारा तक्रार मागे घेणार. पण वसंतरावांनी पेन काढून तिच्याखाली लिहिलं, "आज सकाळी मीही केबिनमध्ये उदबत्ती लावून हाच नियम मोडला आहे. जी कारवाई त्यांच्यावर होईल, ती माझ्यावरही व्हावी." खाली नाव, केबिनचा नंबर आणि सही. मग काडेपेटी आणि पुडा त्यांनी टेबलावर ठेवला.

तरुण बराच वेळ तो कागद पाहत राहिला. त्याने आणखी वाद घातला नाही. दंडाच्या कागदावर सही केली आणि सिगारेट ओढायची जागा नेमकी कोणत्या डेकवर आहे ते विचारून घेतलं. संध्याकाळी बाल्कनीत फक्त खाऱ्या वाऱ्याचा वास होता.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी वसंतराव अडखळले. सुधाताई म्हणाल्या, "मानसपूजा आपल्याकडे मग कशासाठी सांगितलीय?" दोघांनी समुद्राकडे तोंड करून हात जोडले. मनातल्या मनात फुलं वाहिली, दिवा लावला, आरती केली.

परत आल्यावर वसंतरावांनी पहिलं काम केलं ते आपल्या स्कूटरचं. इतकी वर्षं ती जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या बोर्डासमोर उभी असे. सेक्रेटरीची म्हणून कुणी बोलत नव्हतं. ती त्यांनी बाहेर काढली आणि मगच फलकावर जिना मोकळा ठेवण्याची सूचना लावली. सूचनेखाली त्यांनी पहिल्यांदाच कारणही लिहिलं.

तात्पर्य : नियमातून स्वतःला वगळणाऱ्या प्रत्येकाजवळ एक चांगलं कारण असतं. कुणी पैसे मोजलेले असतात, कुणी सांभाळून वागणारा असतो, कुणाच्या हातात देवाची उदबत्ती असते. आगीला यातलं काहीच कळत नाही. म्हणून दुसऱ्याला नियम सांगायला निघालेल्याने आधी आपल्या हातातली काडी विझवावी.